रायगोंडाच्या शटरचं तूप

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुंडलात कुणाचाही विश्वास बसणार नाही. पलूसात एक-दोघांचा बसेल, पण ती माणसं कशावरही विश्वास ठेवतात. हरिबाच्या हॉटेलात मी हे सांगितलं तेव्हा ऐकायला तिघं होते. चहाच्या शेगडीपाशी खुद्द हरिबा, बाकावर शेंगा फोडत बसलेली धोंडुबाई, आणि मला जेवायला बोलवायला आलेली माझी बायको शालूबाई. ती "चला" म्हणून दारात उभी राहिली ती शेवटपर्यंत उभीच होती.

मी चाळीस वर्षं शटरं बसवली. आधी दुकानांची, मग गोडाउनांची, आता बंगल्यांतल्या गॅरेजांची. लोकांना वाटतं शटर माणूस उचलतो. माणूस नुसता हात लावतो. उचलते ती स्प्रिंग. वरच्या डब्यात आडवा पाइप असतो, त्यावर पोलादी पट्टी गुंडाळलेली असते. शटर खाली ओढलं की पट्टी आवळत जाते आणि तुमचा जोर धरून ठेवते. वर ढकललं की तोच जोर परत देते. वर्षातून एकदा धूळ झाडून ग्रीसचा हात फिरवावा, एवढंच तिचं मागणं. शटर कुरकुरायला लागलं, जड झालं, की पट्टी थकली समजायचं. आणि बदलायची तर पाइपावरच्या सगळ्या एकदम बदलायच्या. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर नवा बैल ओढतो आणि जुना त्याच्याकडं बघत चालतो.

सांगलीतला हळदीचा व्यापारी रायगोंडा याला हे मी दर वर्षी सांगत होतो. शटर मीच बसवलेलं. पण रायगोंडा पक्का जैन. मी ग्रीसचा डबा काढला की तो दोन पावलं मागं सरायचा.

"मानसिंग, ह्यात चरबी कशाची रं?"

"आण्णा, ही खनिज तेलाची असती."

"डब्यावर लिवलंय? न्हाई न्हवं? मग ऱ्हाऊं दे."

गोडं तेल म्हणावं तर घाण्यात शेंगांबरोबर काय काय चिरडलं जातं याची त्याला खात्री नव्हती. म्हणून अकरा वर्षं त्यानं स्प्रिंगला घरचं तूप लावलं. दोनदा गाळून. शटर उघडताना आवाज अजिबात यायचा नाही, फक्त कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखा वास यायचा.

"हिवाळ्यात थिजत असंल की वो तूप," हरिबा म्हणाला.

थिजायचं. हळदीची धूळ त्यात बसायची, थरावर थर. तेच तर मी म्हणत होतो.

तर भाद्रपदात रायगोंडाच्या बायकोनं, त्रिशलाक्कांनी, दहा दिवसांचे उपवास केले. दहा दिवस उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसातून एकदाच. अकराव्या दिवशी पारणं. पण उपवास धरताना त्यांनी मंदिरात नियम घेतला होता, की पारण्याचा पहिला घोट नवऱ्याच्या हातून आणि सासूबाईंच्या चांदीच्या वाटीतूनच घेईन. वाटी दुकानाच्या तिजोरीत. रायगोंडा सकाळी ती आणायला गेला. गिऱ्हाईक शिरू नये म्हणून त्यानं आतून शटर अर्धं ओढलं, आणि थाडकन आवाज झाला. दोन्ही पट्ट्या तुटल्या. एकशे साठ किलोचं शटर खाली आलं आणि रायगोंडा वाटी घेऊन आत राहिला. मागं भिंत, वर स्लॅब, खिडकी नाही.

मला फोन आला तेव्हा मी कुंडलात होतो. मोटारसायकल काढली. पोचलो तर बाहेर अर्धी पेठ जमलेली, आणि पायरीवर खुर्ची टाकून त्रिशलाक्का बसलेल्या. दहा दिवसांत त्या एवढ्या वाळल्या होत्या की खुर्चीच जास्त दिसत होती. त्यांची मुलगी ब्राह्मी मुगाच्या पाण्याचं पातेलं धरून उभी.

"मानसिंग, दिस मावळायच्या आत उघडंल न्हवं?" अक्कांनी विचारलं. आवाज असा, की मी उत्तर द्यायला खाली वाकलो.

मावळल्यावर त्या तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे अकरावा उपवास, आणि तो त्यांना झेपणार नाही हे पेठेत सगळ्यांना दिसत होतं.

"आक्का, पाच मिनिटांचं काम हाय," मी म्हणालो आणि जॅक लावायला बसलो.

आतून रायगोंडा ओरडला, "थांब! शटरवर मुंग्या हायत का बघ."

बघितलं. शटर दिसतच नव्हतं. स्प्रिंगवरून शटरभर ओघळलेलं अकरा वर्षांचं तूप चाटायला सगळ्या सांगलीच्या मुंग्या आल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या खाचा, पत्र्याची एकेक पट्टी, खालची कड, सगळं लालभडक आणि हलतं. जॅकचा एक दांडा मारला असता तर हजारभर चिरडल्या असत्या.

"हायत, आण्णा. थोड्याशा."

"एक जरी मेली तरी मी भाईर येनार न्हाई. पडताना ज्या गेल्या असतील त्यांच्यासाटी सकाळपास्नं णमोकार मंत्र म्हनतोय मी."

"आन् आक्कांचं काय?"

तो आतून शटरच्या कडेला आला. मग बारीक आवाजात, "तिला इचार."

अक्का बाहेरून म्हणाल्या, "मुंग्यांना धक्का लावू नगा." आणि डोळे मिटून घेतले.

आता मी काय करू? जीव अक्कांचा, शब्दही अक्कांचाच. फुंकर मारून बघितली. पीस फिरवून बघितलं. ब्राह्मीनं समोरच्या माडीच्या गच्चीवर गुळाची अख्खी ढेप ठेवली. मुंग्यांनी मान वर करून बघितलं आणि परत चाटायला लागल्या. बारा वाजले, दोन वाजले. चारला अक्कांची मान एका बाजूला कलली आणि ब्राह्मी रडायला लागली.

साडेचारला तूप संपलं.

मुंगीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पोट भरलं की ती उरलेलं घरी न्यायला बघते. आता तूप संपलं, पण वास राहिलाच. आणि वास होता शटरला. काय उचलायचं तेवढं मुंगीला कळतं. किती, ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. मी शटरच्या कडेला कान लावला. आत बारीक सरसर ऐकू आली, तालमीत पोरं दंड घासतात तशी. आणि शटर एक बोटभर वर गेलं.

"आगं आई," धोंडुबाई म्हणाली.

मी मनात हिशेब केला. एकशे साठ किलो, पण मुंग्या बघता एकीच्या वाट्याला फारसं येत नव्हतं. शिवाय अकरा वर्षांचं गाईचं तूप पोटात. वीतभर गेलं, हातभर गेलं. कमरेएवढं झाल्यावर त्या दम खायला थांबल्या. रायगोंडा आतली जमीन मऊ फडक्यानं हलकेच झाडत झाडत वाकून बाहेर आला, वाटी छातीशी. सूर्य कृष्णेपलीकडं कासराभर राहिला होता. ब्राह्मीनं मुगाचं पाणी ओतलं, रायगोंडानं वाटी अक्कांच्या ओठाला लावली, अर्धं पदरावर सांडलं. अर्धं गेलं पोटात. अक्कांनी डोळे उघडले.

पहिलं वाक्य बोलल्या ते म्हणजे, "शटरला आता तूप लावायचं न्हाई."

हरिबानं डोळे पुसले. "खरं हाय. मुंगी लय ताकदीची. आमच्या गुळाच्या डब्याचं झाकण उघडत्यात त्या."

"माझ्या चुलत्याचा जोडा नेला हुता," धोंडुबाई म्हणाली. "एकाच पायाचा."

शालूबाईही मान डोलवत होती, म्हणून मी पुढं गेलो.

मग दुकानासमोरच्या रायगोंडाच्या घरात पंगत मांडली. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना जेवायचं होतं. बासुंदी, पुरी, केळ्याची भाजी, पानाच्या कडेला काजूची चटणी. अक्का स्वतः उठून दारापर्यंत आल्या. "मानसिंग, तुमच्यासाटी पयलं पान मांडलंय, बसा." पण मुंग्या अजून शटर धरून उभ्या होत्या. नव्या पट्ट्या घालायच्या होत्या, पाइपाला मोजून फेरे द्यायचे होते. कमी दिले तर शटर जड होतं, जास्त दिले तर खालीच येत नाही. एवढे जीव ताटकळत असताना घास गिळवणार कसा? मी हात जोडले. "आक्का, मी काय जेवत न्हाई," असं म्हणालो आणि बासुंदीकडं पाठ करून कामाला—

"खोटं!" शालूबाई ओरडली. हरिबाच्या हातातली गाळणी खाली पडली. "धादांत खोटं बोलतायसा! शेजारच्या हरणाबाईच्या तेराव्यालाबी दोन पंगतींत बसून आलायसा तुमी!"