डेल्फाने लिहिलेली नऊ नावं

त्या काळी केंटकीच्या डोंगरात घर मोजायचं ते चुलीवरून. जो रोज आपल्या मेजावर जेवतो, तो घरातला. म्हणून सरकारी अर्जावर ‘घरात माणसं किती?’ असं विचारलेलं पाहून डेल्फाने सरळ नऊ नावं लिहिली होती.

आज सरकारी कचेरीत तिची तिसरी खेप. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने तिला तात्पुरता कागद दिला होता. खरी मंजुरी येईपर्यंत त्यावर तपासण्या फुकट. पण पुरा अर्ज दाखल झाला नाही, तर त्या कागदाची मुदत आज संध्याकाळी संपणार होती. परवा मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं. रक्तदाब वाढलेला, पाय भोपळ्यासारखे सुजलेले, काठीशिवाय चालवत नव्हतं.

“व्हर्जिल स्टेसी यांच्या पेन्शनचा दाखला कुठाय?” खिडकीतल्या कॉम्ब्सबाईंनी विचारलं.

“काका देत नाहीत. म्हणतात, पोर तुला होणार, माझे कागद सरकारला कशाला?”

“शहाणा आहे म्हातारा,” शेजारी बसलेली ओपलमावशी म्हणाली. डेल्फाची आई गेल्यापासून हिनेच तिला वाढवलं होतं.

कॉम्ब्सबाईंनी चष्मा वर केला. “हे तुझे कोण?”

“मावशीचे दीर.”

“मग त्यांचा दाखला लागतच नाही. तू आणि तुझा नवरा, एवढंच. बाकीची नावं खोड.”

डेल्फाची कानशिलं तापली. “दोन खेपा सगळ्यांचे दाखले आणा म्हणून परत पाठवलंत. चाळीस मैल येते मी, बाई.”

“तेव्हा खिडकीवर दुसरी होती.”

डेल्फाने पेन उचललं. व्हर्जिलकाका, दोघी मावसबहिणी, त्यांचे नवरे, एकीचा मुलगा, सगळे एकेक करून खोडले. ओपलच्या नावाशी हात अडला.

“खोड की गं,” मावशी म्हणाली. “मला का त्या कागदावर राजवाडा मिळायचाय?”

डेल्फाने खोडलं. रेघ वाकडी आली.

“आता किती झाली?” बाईंनी विचारलं.

“दोन.”

“तीन. पोटातलं धरतात.”

बाईंनी आकडा लिहून अर्जावर शिक्का मारला. “निकाल लागेपर्यंत तुझा कागद चालेल. परवाची तपासणी करून घे.”

डेल्फाने मान हलवली आणि कागदाची घडी घातली. ज्याने अजून एक घास खाल्ला नव्हता, ते घरातलं ठरलं होतं. जिने तिला घास भरवले, ती मावशी मात्र डेल्फाची काठी शोधून देत होती आणि म्हणत होती, “चल, बस निघून जाईल.”