म्हैस मी मारली नाही

“या डब्ब्यानंच माही म्हैस खाल्ली,” शकुनबाई माझ्या अगदी तोंडाशी येऊन पुटपुटली.

मित्रांनो, तो डब्बा म्हणजे मी. लाखांदूरजवळच्या गावात धनराजच्या धानाची राखण करणारी जुनी झटका मशीन. आता जळून पडवीत उताणी पडले आहे. राग मात्र अजून गरम आहे.

बॅटरी हे माझं जेवण. तिची वीज कालव्याच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहते. ती मी साठवायची आणि कुंपणाच्या तारेत टिचकीसारखा झटका सोडायची. टक्, मग उसंत. पुन्हा टक्. त्या उसंतीत रानडुक्कर केकाटत पळायचं, पण जिवंत. एकदा खुद्द धनराजचा हात लागला, तर मला शिव्या देऊन तो चहा प्यायला गेला!

घरातली वीज वेगळी. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, उसंत देत नाही, धरलेला हात सुटू देत नाही. पंख्याला ती हवीच. माझं भांडण तिच्याशी नाही, धनराजशी आहे.

बॅटरीत पाणी घालायला तो विसरला. बॅटरी मेली. नवी आणायचा कंटाळा, म्हणून माझ्या बॅटरीच्या चिमट्यांनाच त्याने घरची लाईन जोडली. वीज ती वीज, म्हणे! मी धूर ओकून गप्प झाले. मग त्याने लाईन सरळ कुंपणात सोडली. सकाळी शकुनबाईची म्हैस चरत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर आली आणि तारेला चिकटली ती सुटलीच नाही.

“मशीनच जुनी होती ना बाप्पा,” पडवीत जमलेल्या गावकऱ्यांतले भय्याजी म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. घरापासून शेतापर्यंत गेलेली तार कोणालाच दिसली नाही. दिसणार कशी? अर्ध्या गावाच्या कुंपणात तेच चालतं.

“आज पुन्हा लाईन सोडतो,” धनराज तार उचलत म्हणाला. “डुकरं काय सुट्टीवर गेले का?”

त्याच धुऱ्यावरून त्याची लेक खुशबू शाळेत जाते. मित्रांनो, मला भंगारात द्या, चालेल. पण माझ्या जागी घरची लाईन कधी सोडू नका. हे मी ओरडले असते, पण जळलेल्या मशीनला कुठला आवाज?

गोदावरीबाई, धनराजची माय, उठली. तिने त्याच्या हातातली तार ओढून घेतली.

“काहून डब्ब्याले बोल लावून राहिले रे सारे? तो तं आधीच जळला होता. शकुनची म्हैस तूनं मारली, धनराज.”