डब्यातली काकडी

“उगवली की रं काकडी! आता काय आडवतोस?” सावळाराम डब्यांवर वाकून म्हणाला.

त्याच्या कळंबच्या वस्तीवर दोन जुने तेलाचे डबे शेजारी मांडले होते. एकात मका काढून कांदा लावायच्या रानातली माती, दुसऱ्यात औषध न पडलेल्या बांधावरची. हनुमंताने दोन्हींत काकडीचं बी टोचलं होतं आणि सहाव्या दिवशी दोन्हींत सारखीच हिरवीगार जोडपानं वर आली होती.

“भाऊ, अजून आठ दिस थांबा. तणनाशक उगवणीला हात लावत न्हाई. पुढच्या पानाला दावतं.”

“तवर कांद्याचं रोप जून व्हईल. लई शाना झालास!”

पंधरा वर्षं पाठीवर पंप घेऊन हनुमंत पेठपासून महाळुंग्यापर्यंत फवारत होता. आपल्या हातून कुणाचं रान करपलं नाही, ही त्याची ऐट. पण जुलैत या मक्यावर मारताना त्याने नवं नोझल लावलं आणि घाईत आधी साधं पाणी फवारून किती पडतं याचं माप घेतलंच नाही. औषध दुप्पट पडलं. त्यात २००३चा पाऊस दडी मारून बसला; कोरड्या मातीत ते विष तसंच राहिलं असणार. गप्प बसला असता तर कांदा जळून खापर रोपावर फुटलं असतं. तसा विचार मनात आला याचीच त्याला लाज वाटली.

“चूक माझी हाय, भाऊ. माप न घेता मारलं. डबल पडलंय.”

सावळाराम लालबुंद झाला. “ह्याफुडं माझ्या बांधावर पंप आणू नगंस!” असं ओरडला खरा, पण लागण त्याने थांबवली.

तेराव्या दिवशी रानाच्या डब्यातली पानं कडेने पिवळी पडून करपली. बांधाच्या डब्यातली काकडी मात्र जोमात होती. सावळारामने कांद्याचं सगळं रोप भावकीत वाटून टाकलं.

“शेणखत घाला, पाणी द्या, नांगरा,” हनुमंत जाताना म्हणाला. “ओल अन् ऊब मिळाली की मातीतलं जिवाणूच त्येला खात्यात.”

पुढच्या हिवाळ्यात तो पंप न घेताच आला. पुन्हा दोन डबे, पुन्हा चौदा दिवस. या वेळी दोन्ही डब्यांत चार-चार पानं, सारखीच टवटवीत.

लागणीच्या सकाळी सावळारामच्या बायकोने, साळुबाईने, वाफ्याला हळदकुंकू वाहिलं. पहिलं रोप नेहमी घरधनी लावतो. सावळारामने रोपाची जुडी हनुमंतापुढे धरली.

“लाव. तुझ्या शब्दावर राखलेलं रान हाय.”

हनुमंताने वहाणा बांधावर काढल्या, ओल्या वाफ्यात उकिडवा बसला आणि एक रोप टोचून अंगठ्याने माती दाबली.