सरांच्या बेसबॉलमागचा आवाज

मी एक जुना व्हीसीआर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलेलेही नसेल, याचाच मला मोठा धक्का बसतो. मागच्या दिवाळीत शेजारची एक मुलगी माझ्याकडे बोट दाखवून "आजी, हा कसला ओव्हन आहे?" असे विचारून गेली. त्या अपमानातून मी अजून सावरलेलो नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. टीव्हीवर चाललेला कार्यक्रम कॅसेटच्या फितीवर उतरवून घ्यायचा आणि मालक म्हणेल तेव्हा पुन्हा दाखवायचा, हे माझे काम. आमच्या काळी एकदा होऊन गेलेली गोष्ट पुन्हा बघायला मिळणे ही केवढी चैन होती!

माझा जन्म जपानमधला. ब्याण्णव-त्र्याण्णव साली सरांच्या मामेभावाने मला मस्कतहून चार टॉवेलांत गुंडाळून नाशिकला आणले आणि पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीखाली बसवले. माझे मालक ढुंढिराज सर हे शाळेत पी.टी.चे शिक्षक. त्यांचे वडील आणि काका त्र्यंबकेश्वरला यजमानांच्या पूजा सांगत. सरांनी मात्र पोथी सोडून गळ्यात शिट्टी अडकवली होती, आणि क्रीडाशिक्षकांच्या एका शिबिरात पाहिलेल्या बेसबॉलने त्यांना पुरते वेड लावले होते.

पहिल्याच पहाटे सरांनी केबलवर अमेरिकेतली मॅच लावली आणि मला रेकॉर्डिंगला बसवले. मी हादरलोच. तिथला फलंदाज चेंडू मारतो आणि हातातली बॅट चक्क फेकून देऊन पळत सुटतो! ज्या घरात शस्त्राला, पाटीला, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतात, त्या घरात हे बघायचे? पण सर खुशीत मांडी थोपटत होते.

सरांची मते ऐकत ऐकत माझी पहिली वर्षे गेली. ते म्हणायचे, "क्रिकेट चांगलंच आहे, पण बेसबॉल म्हणजे विलंबित ख्याल. चेंडू टाकणारा पिचर उभा आहे, बॅटवाला उभा आहे, काहीच होत नाहीये, आणि तरी श्वास अडकलाय. आणि हे टीव्हीवाले त्या शांततेत बडबड करतात! गाण्यात दोन स्वरांच्या मधे कुणी बोललं तर चालेल का?"

ख्याल हा शब्द त्या घरात उगाच येत नसे. सरांच्या पत्नी उत्तराबाई गाणे शिकलेल्या होत्या. सर मॅच बघत तेव्हा आतल्या खोलीत त्यांचा पहाटेचा रियाज चाले.

"उत्तरा, ऐक," एकदा सर म्हणाले. "बेसबॉलमधला थोर बॅटवाला दहातून सात वेळा चुकतो. तीनदा जमलं तरी लोक डोक्यावर घेतात."

"मी दहातून सात वेळा चुकले असते तर बुवांनी मला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं," असे म्हणून त्या हसल्या आणि पुन्हा तंबोरा लावायला गेल्या.

हे बुवा म्हणजे त्यांचे गुरुजी. मोठे कडक. गाणे समोर बसणाऱ्यासाठी असते, ते यंत्रात गेले की शिळे होते, असे त्यांचे ठाम मत. उत्तराबाईंनी त्यांच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला होता की आपला आवाज कधी रेकॉर्ड करू देणार नाही. आकाशवाणीचे बोलावणे त्यांनी दोनदा परत पाठवले. मी स्वतः यंत्र असल्यामुळे हे ऐकून मला वाईट वाटले, पण तो शब्द मी मनापासून मानला.

आणि मित्रांनो, तो शब्द माझ्याच हातून मोडला.

झाले असे. शाळेत सरांनी मुलांचा बेसबॉल संघ उभा केला होता. मुलांना दाखवायला माझ्याकडच्या कॅसेट होत्या, पण त्यांतली इंग्रजी बडबड मुलांच्या डोक्यावरून जाई. मग सरांनी युक्ती काढली. त्यांनी एक माइक आणून मला असा जोडला की चित्र टीव्हीचे उतरेल आणि आवाज माइकचा. पहाटे मॅच सुरू झाली की टीव्हीचा आवाज बंद करून सर माइकसमोर बसत आणि मराठीत समजावून सांगत, "बघा रे, पिचरनं आधी गुडघा वर घेतला. घाई नाही. आता खांदा." माइक स्वस्तातला, पण कानाचा तिखट. आतल्या खोलीचे दार लोटलेले असूनही रियाजाचा सूर न् सूर माझ्या फितीवर उतरत होता. सरांना हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, पण मला तोंड आहे ते फक्त कॅसेट घालण्यापुरते!

सरांनी मला शाळेत नेले. पहिली कॅसेट लागली तेव्हा नांदगावकडून शिकायला आलेला आणि मावशीकडे राहणारा किशोर म्हणाला, "सर, मागं कोण गातंय?" सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मुलांना समोर बसवून बजावले, "ही गोष्ट आमच्या घरी कुणी बोलायची नाही. मला शब्द द्या." मुलांनी शब्द दिला. एका शब्दावर दुसरा शब्द रचला गेला, तो असा.

मला वाटले, आता सर सावध होतील, आतले दार घट्ट लावतील. दुसऱ्या पहाटे त्यांनी उठून दार लावलेही. मग ते बराच वेळ माइककडे बघत बसले. शेवटी उठले, दार होते तसे किलकिले केले आणि माइक हातभर दाराकडे सरकवला. इतका सरळ माणूस, आणि स्वतःच्याच घरात अशी चोरी! मी अवाक झालो. पण त्या दिवशी ते मॅचबद्दल फारच थोडे बोलले, हेही मी पाहिले.

पुढची दहा-बारा वर्षे माझ्या वैभवाची. सव्वीस कॅसेट भरल्या. शाळेचा संघ जिल्ह्यात पहिला आला, किशोर त्याचा पिचर होता. त्या वर्षी खंडेनवमीला सरांनी बॅट, ग्लोव्ह आणि शिट्टीबरोबर मलाही हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. उत्तराबाईंनी माझ्यासाठी क्रोशाचे झाकण विणले. ज्या यंत्राने आपला शब्द मोडला, त्याच्यासाठी ती माउली झाकण विणत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग सीडी आली, मोबाइल आला, सर निवृत्त झाले. मी टीव्हीखालून कपाटावर गेलो आणि कॅसेट कपाटातल्या वरच्या खणात. त्याचे मला फारसे दुःख नाही, यंत्रांचे असेच चालते. दुःख झाले ते अकरा वर्षांपूर्वी. उत्तराबाईंच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झाले, जीव वाचला, पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. घरी आल्या तेव्हा त्यांनी सरांना हाक मारली आणि फक्त वारा बाहेर आला. हळूहळू कुजबुजीएवढे बोलणे जमू लागले. गाणे गेले. तंबोरा त्यांनी एका विद्यार्थिनीला देऊन टाकला. सर मोबाइलवर मॅच बघायचे, तीही आवाज बंद करून. एवढ्या वर्षांत त्यांनी कपाटाचा वरचा खण एकदाही उघडला नाही. वर खणात गाणे भरलेले, खाली दोन माणसे गप्प बसलेली आणि मधे एका लाकडी फळीचे अंतर. ही गोष्ट मला कधी पटली नाही.

आणि आता या वर्षी किशोर आला.

त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. कळवणच्या एका शाळेत तो क्रीडाशिक्षक झाला होता आणि हातात पेढ्यांचा पुडा होता. "सर, आपल्या पोरींची टीम राज्याला चालली!" तो दारातूनच ओरडला. "बेसबॉल! लय भारी पोरी हायेत. पण पिचर घाई करती. मला ती आपली जुनी कॅसेट पायजे, गुडघा वर घेतो ना तो माणूस, ती."

सर गडबडले. "अरे, मोबाइलवर हवं तेवढं बेसबॉल आहे आता. आणि तो व्हीसीआर बिघडलाय."

मी बिघडलो नव्हतो! मला कुणी विचारलेच नव्हते.

उत्तराबाई चहा टाकायला उठत कुजबुजल्या, "अहो, लावून तर बघा. कळवणहून आलाय तो एवढा."

झाले. किशोरने मला खाली काढले, धूळ झटकली, लाल-पिवळ्या वायरी टीव्हीला जोडल्या. कॅसेटवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. माझ्या आतला रबरी पट्टा वाळून कडक झाला होता. पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या, मग हिरवे मैदान थरथरत उभे राहिले. सरांनी घाईघाईने रिमोट उचलून आवाज बंद केला.

"सर, आवाज ठेवा की! आवाजावर तर सगळं हाय," असे म्हणत किशोरने रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

तरुण सर बोलू लागले, "घाई नाही. आता खांदा." आणि त्यांच्या मागून पहाटेचा राग भैरव आला. भरलेला, मोकळा, कुठेही न ओरडणारा.

उत्तराबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. डोळे मिटून त्यांनी जरा वेळ ऐकले. मग कौतुकाने त्यांची कुजबूज आली, "मागे कोण गातंय हो? काय सुंदर रिषभ लावलाय. कोण ही बाई?"

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ धक्के खाल्ले, पण असा नाही. त्यांनी स्वतःचा आवाज ओळखला नव्हता. ओळखणार कशा? आतून ऐकलेला आवाज वेगळा असतो, आणि बाहेरून तो त्यांनी जन्मात एकदाही ऐकला नव्हता.

किशोर गोंधळून म्हणाला, "काकू, असं काय करता? तुमीच की ह्या!"

ट्रे खाली पडला नाही. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला. त्याच क्षणी माझा पट्टा दगा देऊन गेला. कर्रर्र असा आवाज झाला, फीत आत गुरफटली आणि गाणे तानेच्या मध्यावर तुटले. किशोरने कॅसेट ओढून काढली तर दोन हात फीत बाहेर लोंबत होती. तेवढे गाणे मी कायमचे खाल्ले. हे मी लपवत नाही.

"किती आहेत अशा?" उत्तराबाईंनी विचारले.

"सव्वीस," सर म्हणाले. "उत्तरा, तू बुवांना शब्द दिला होतास. आणि नंतर ऑपरेशन झालं. मला वाटलं, ऐकून तुला त्रास होईल."

"तुम्हाला वाटलं. मला विचारलंत?" कुजबुजही थरथरते, हे मला तेव्हा कळले. "अकरा वर्षं मी पहाटे उठून गच्चीवर जाऊन बसते. घरात ती वेळ काढवत नाही म्हणून. आणि हे सगळं इथं कपाटात होतं?"

सर लोंबणारी फीत गुंडाळू लागले. किशोरला कुठे जावे ते कळेना.

मग त्या अगदी वेगळ्याच सुरात म्हणाल्या, "मी एवढी बरी गात होते?"

"बरी?" सर म्हणाले. "अगं, मी मॅच बघायचो कुठं? मी तर माइक दाराशी सरकवून तुलाच ऐकत बसायचो."

"ते माइकला कळलं," उत्तराबाई म्हणाल्या. "मला कुठं कळलं? बुवा कधी चांगलं म्हणाले नाहीत. तुम्हीही नाही. मी आपली जन्मभर समजत राहिले, की अजून काहीतरी कमी पडतंय."

त्यानंतर चार दिवस त्या सरांशी बोलल्या नाहीत. पाचव्या पहाटे गच्चीवर न जाता त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. किशोरने माझा पट्टा बदलून दिला होता. बुवांचा शब्द आठवून त्या जरा थांबल्या, मग स्वतःशीच म्हणाल्या, "रेकॉर्ड करणार नाही असं बोलले होते. ऐकणार नाही असं नव्हते बोलले." आणि त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने माझे बटण दाबले. सर दाराशी घुटमळत होते. फितीवरचे सर मधेच "धाव, धाव, धाव!" असे केकाटले, तेव्हा उत्तराबाई मागे न बघता म्हणाल्या, "बसा आता. आणि माझ्या भैरवावर हे ओरडलात त्याची लाज बाळगा."

सव्वीसपैकी नऊ कॅसेट बुरशीने गेल्या. एकीचे मी वाटोळे केले. उरलेल्या उत्तराबाईंच्या परवानगीने संगणकावर उतरवून घेणे चालू आहे. कुणाला ऐकवायच्या ते त्याच ठरवतात. एक कळवणच्या पोरींना गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात माळ्यावर माझ्यासारखे कुणी असेल तर भंगारात देण्याआधी त्याला एकदा पुसा, लावून बघा. पण माझी खरी विनंती वेगळीच आहे. तुमच्या घरात कुणी गात असेल, कुणी खेळत असेल, कुणी रोज सुरेख पोळ्या लाटत असेल, तर चांगले झाले हे त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर सांगा. आपण कसे गात होतो हे कळायला उत्तराबाईंना एकाहत्तर वर्षे लागली, आणि तेही सांगितले कुणी, तर कपाटावरच्या एका खटाऱ्याने. हे काम यंत्रावर सोडू नका.