थप्पीखालचा सत्यनारायण

हौसा गप्प बसली की तिच्या नवऱ्याला, सखाला, घाम फुटायचा. बोलणारी हौसा परवडली. गप्प हौसाच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं.

दोघंही हैबतराव शेठच्या पेणच्या तांदळाच्या गोदामात कामाला. सखा हमाल, हौसा फाटकी पोती शिवायची. शेठ राहायचा रोह्याकडे, वरसे गावातल्या बंगल्यात. दुसऱ्या गोदामाचं भाडं वाचावं म्हणून तो पोत्यांची थप्पी पार पत्र्याला भिडेपर्यंत चढवायला लावायचा. शिडीचं नाव नाही, पोत्यांवर पाय देत वर जायचं. शिमग्याच्या सुमारास अशीच एक थप्पी सरकली नि सखाचा पाय खाली सापडला. शेठ सखाच्या घरी आला, चहा प्याला, "देवाची मर्जी" म्हणाला आणि घरी बसलेल्या दिवसांची मजुरी कापून मोकळा झाला. आता सखा लंगडत पुन्हा वर चढायचा, नि तो खाली येईपर्यंत हौसा शिवण थांबवून वरच बघत बसायची. शेठच्या हातापाया पडून झालं होतं. त्याचं उत्तर एकच, "माझी थप्पी पडत नाय."

श्रावणात गोदामात सत्यनारायण असायचा. पूजेला शेठ आणि त्याची बायको इंदुबाई बसत. चौरंग कुठं मांडायचा, ते हौसा ठरवायची. यंदा तिनं सगळ्यात उंच, पोट सुटलेल्या थप्पीला लागूनच केळीचे खांब बांधले.

इंदुबाईंच्या केसालाही धक्का लागता कामा नये, म्हणून आदल्या दिवशी सखानं आणि त्याच्या जोडीच्या कान्हूनं ती थप्पी मागून दोरांनी आवळून टाकली होती. मग हौसानं सखाच्या हातात पोती शिवायचं दाभण दिलं.

"येवढं एकदा चढा. मंग नाय चढायला लागनार."

सखानं वरच्या पोत्याला भोक पाडलं, त्यात चिंधीचा बोळा कोंबला, बोळ्याला दोरा बांधून खाली सोडला. दोऱ्याचं टोक हौसानं बोटाला गुंडाळलं.

पूजेला कलश बसला, कथा सुरू झाली, आणि हौसानं दोरा ओढला. शेठच्या टोपीवर तांदूळ सांडायला लागले.

"अक्षता!" शेठ हरखला. "देव पावला!"

भटजींनी वर पाहिलं नि त्यांचा आवाज चिरकला. मग शेठनंही पाहिलं. थप्पीचं पोट अगदी त्याच्या डोक्यावर आलं होतं.

"चौरंग हलवा!"

"बसलेला कलश उत्तरपूजेआधी हलवत नाहीत, शेठ," भटजी म्हणाले, आणि आपलं आसन तेवढं वीतभर मागे सरकवलं.

"मग थप्पी उतरवा!"

"शिडी नाय, शेठ," कान्हू म्हणाला. "चढलो तर हलंल ती."

यजमानानं कथा अर्धी टाकून उठणं किती वाईट, ते सगळ्यांत जास्त शेठलाच ठाऊक होतं. तो गुडघ्यावर आला, पुन्हा बसला.

"अहो, पडली तर?" इंदुबाईंनी विचारलं.

"पडत नाय बाईसाहेब, शेठच सांगतात," हौसा गोड आवाजात म्हणाली. "आनि पडलीच, तर देवाची मर्जी."

इंदुबाईंनी सखाच्या वाकड्या पायाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"याच्या पायालाही हेच म्हणालात?"

शेठ टोपीवरचे दाणे झटकू लागला. इंदुबाईंनी त्याच्या तळहातावर पळीभर पाणी ओतलं. "आता बोला. देवासमोर बोला."

शेठ बोलला. थप्पी डोक्याच्या वर जाणार नाही. शिडी येईल. कामावर कुणाला लागलं तर मजुरी चालू राहील, आणि सखाची कापलेली परत मिळेल. तेवढ्यात आणखी चार दाणे टोपीवर पडले, तसा तो "उद्यापासूनच!" असंही म्हणाला. नवस बोलून विसरणाऱ्या व्यापाऱ्याचं काय झालं, तो भाग भटजींनी त्या दिवशी जरा जास्तच सावकाश वाचला.

प्रसाद घेताना इंदुबाई हौसाच्या कानाशी लागल्या. "बोटाचा दोरा सोड गो आता. बोट निळं पडलंय."

शिडी आली. उंच थप्प्या खाली घेताना सखा पहिल्यांदा तिच्यावरून एकेक पाय टाकत उतरला, तेव्हा हौसाला रडू फुटलं. धूळ गेली डोळ्यांत, असं तिनं सांगितलं. शेठ मात्र देवानं आपल्यावर अक्षता टाकल्याचं रोह्यात सांगत सुटला.

पुढच्या श्रावणात तोच जपून विचारायला आला.

"हौसा, यंदा चौरंग कुठं मांडतेस?"

हौसा गप्प बसली. दाराजवळ छपरातून एक उघडी वायर लोंबत होती, तिच्याकडे ती नुसती बघत राहिली.

शेठला घाम फुटला. त्यानं त्याच दुपारी वायरमन बोलावला.