टाचेखालचं बोटभर अंतर

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत मैनुद्दीनभाईंचं स्कूटरच्या सीटा शिवायचं दुकान आहे. तिथे दाराशी एका लाकडी खोक्यावर मला बसवलं आहे. गिऱ्हाइकं येतात, माझ्यावर टेकतात, "काय मऊ आहे हो!" म्हणतात आणि मोबाइल काढून बसतात. मी विमानाची सीट आहे हे कुणी सांगितलं तर ती हसतील. पण सांगणार कोण? मला तोंड असतं तर मी आज इथे नसतेच.

मला बाप दोन. पहिले श्रीनिवास सर. तीस वर्षं त्यांनी पॉलिटेक्निकच्या मुलांना यंत्रं शिकवली आणि निवृत्तीनंतर लोक जसे सकाळी फिरायला लागतात तसे हे विमान बांधायला लागले. खरंखुरं, लाकडाचं, दोन माणसांचं, बांधायला अकरा वर्षं लागलेलं. त्याचा सांगाडा येरवड्यात भाड्याच्या एका शेडमध्ये उभा राहत होता, पण माझा जन्म नारायण पेठेतला, सरांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरचा. पातळ प्लायवुड ओलं करून वाकवायचं, पट्ट्यांवर चिकटवायचं आणि गोंद वाळेपर्यंत दाबून ठेवायचं. दाबायला वजन हवं, म्हणून सरांच्या पत्नी हेमाताई यांचा पाटा, वरवंटा, खलबत्ता असं अर्धं स्वयंपाकघर माझ्या अंगावर आलं.

"तुमचं विमान उडेल तेव्हा उडेल," हेमाताई म्हणाल्या, "आधी माझा पाटा खाली उतरवा."

माझ्या पाठोपाठ माझी जुळी बहीण झाली. मी सरांसाठी, ती हेमाताईंसाठी.

सर भारी काटेकोर. त्यांनी माझ्यावर वाळूची चार पोती रचली आणि दोन दिवस मोजपट्टी घेऊन माझ्याभोवती फिरले. मी कुरकुरलेसुद्धा नाही. "पास," एवढंच ते म्हणाले. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून कुणाला याहून मोठी शाबासकी मिळाली नव्हती, त्यामुळे मी आठवडाभर हवेत होते. विमानाच्या आधी मीच उडाले म्हणा ना.

मग मला विमानात बसवलं आणि सर ब्रेकच्या मागे लागले. ब्रेक अगदी साधे होते. जुन्या बाजारातून आणलेल्या मोपेडच्या दोन चाकांमधले, सायकलच्या दुकानातल्या जाड तारेने ओढायचे. विमान वळवायचे पायटे चवड्यांनी ढकलायचे होते. त्यांच्याखाली, अगदी तळाशी, सरांनी साबणाच्या वडीएवढ्या दोन शिसवी पट्ट्या बसवल्या. त्या टाचांनी दाबल्या की चाकं थांबलीच. पट्ट्यांची जागा ठरवायला सर माझ्यावर बरोबर दोन इंच उंचीची वर्तमानपत्रांची चवड ठेवून बसले, कारण पुढे माझ्यावर तेवढीच जाड गादी येणार होती. टाच टेकवून त्यांनी खडूने खूण केली. दहा वेळा उठून दहा वेळा बसले. दहाही वेळा टाच खुणेवरच पडली.

माझे दुसरे बाप मैनुद्दीनभाई. पंचवीस वर्षं सरांच्या स्कूटरची सीट तेच शिवत आले होते, तेव्हा गादीचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणं शक्यच नव्हतं. सरांनी आम्हा दोघी बहिणींना विमानातून काढून दुकानात पोचवलं आणि सोबत एक कागद दिला. "फोम दोन इंच. पुढची कड सपाट. कमी नाही, जास्त नाही." खाली दोन ठळक रेघा.

"कड सपाट का हो, सर?" मैनुद्दीनभाईंनी विचारलं.

"कारण मी तसं लिहिलंय."

मैनुद्दीनभाई हसले. सरांचा स्वभाव त्यांना पाठ होता. त्या दिवशी सरांनी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. कड उंच झाली तर मांडी उचलली जाते, मांडी उचलली की टाच उचलली जाते, एवढंच. पण पुण्यातल्या हुशार माणसाला एकदा लिहिलेलं पुन्हा बोलून दाखवणं म्हणजे अपमान वाटतो, त्याला कोण काय करणार?

बहिणीचं काम कागदाप्रमाणे झालं. माझ्या वेळी मात्र मैनुद्दीनभाईंचा हात थबकला. जास्त वेळ बसलं की सरांच्या मांड्यांना मुंग्या येतात आणि स्कूटरवरून उतरल्यावर ते आधी खांब धरतात, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. शिवाय माप काट्याने द्यावं आणि वर मूठभर मनाने द्यावं, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. त्यांनी फोमची एक वळकटी केली आणि माझ्या पुढच्या कडेला, बरोबर मांडीखाली येईल अशी, आत सरकवली. वरून तपकिरी रेक्झिन इतकं सफाईने ताणलं की कड उंच झालीय हे डोळ्यांना कळू नये. मी काय म्हणाले असेन तेव्हा? खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. बहिणीपेक्षा मी जास्त लाडकी ठरले होते.

चाचणीचा दिवस ठरला. उडायचं नव्हतं, परवानगीचे कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. संपत म्हणून सरांचा एक जुना विद्यार्थी आहे, त्याचा शहराबाहेर लांबलचक माळ आहे. तिथे विमान नुसतं जमिनीवर पळवायचं आणि थांबवायचं, बस्स. मैनुद्दीनभाई त्याच सकाळी आम्हाला घेऊन तिथे पोचले. दोघींना झेंडूचे हार घातले होते. सरांनी हार काढले, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि चार बोल्ट आवळून मला जागेवर बसवलं.

नंतर ते बाहेर गवतात गुडघ्यांवर बसले, आत हात घातला आणि तळव्याने दोन्ही पट्ट्या दाबून पाहिल्या. चाकं दगडासारखी घट्ट झाली.

"अहो, एकदा आत बसून पायाने दाबून बघा ना," हेमाताई म्हणाल्या.

"अकरा वर्षं बघतोय. अजून किती बघू?"

संपतने लांब बोट दाखवलं. "सर, त्या बाभळीच्या म्होरं चर हाय बरं का. लई खोल हाय."

"बाभळीच्या बरंच अलीकडे थांबणार आहे मी," सर म्हणाले आणि आत येऊन माझ्यावर बसले.

ते बसले आणि मला कळलं. माझी पुढची कड त्यांच्या मांडीखाली फुगली, गुडघा वर आला, आणि टाच खुणेवर पडायच्या ऐवजी तिच्यावर बोटभर लोंबत राहिली. चवडे पायट्यांना पोचत होते, त्यामुळे सरांना काही वेगळं वाटलं नाही. वाटलंच असेल तर नव्या गादीचा मऊपणा वाटला असेल. मी काय करणार होते? ओरडू शकत नव्हते. आवळलेली असल्यामुळे हलू शकत नव्हते. होता होईल तेवढी दबून गेले, पण मैनुद्दीनभाईंचा फोम उत्तम प्रतीचा होता. दबला तरी परत वर येत होता.

इंजिन सुरू झालं. विमान गवतावरून निघालं, डुलत डुलत, मग जोरात. सर हसत होते. माझ्या जन्मापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. बाभूळ जवळ आली तसं त्यांनी इंजिन बंद केलं आणि टाचा दाबल्या. टाचांनी पट्ट्या गाठल्या, थोड्या खाली गेल्या आणि तिथेच राहिल्या. पुढे पायच उरला नाही. माळाला तिथे उतार होता. सरांच्या पोटऱ्या थरथरत होत्या, सगळा जोर माझ्या कडेवर येत होता, आणि ती कड त्यांना उचलून धरत होती. "थांब," ते विमानाला म्हणाले, अगदी हळू. मग आम्ही चरात गेलो.

पंखा तुटला, डावा पंख मुडपला, सरांचं खुब्याचं हाड मोडलं. मला साधा ओरखडाही आला नाही.

चार महिन्यांनी सर काठी टेकत शेडमध्ये आले. आत चढणं आता त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी बाहेरूनच हात घातला आणि तळव्याने पट्टी दाबली. चाक घट्ट. पुन्हा दाबली. घट्ट. तार तपासली, ड्रम उघडला, सगळं ठीकठाक. हेमाताई शेजारी उभ्या होत्या.

"ब्रेक चांगला आहे," सर म्हणाले. "म्हणजे मीच दाबला नाही. घाबरलो असेन. पाय ऐकतच नसेल माझा आता."

"असं कसं म्हणता?"

"मग चाकं थांबली का नाहीत? तूच सांग."

जिला ते ठाऊक होतं ती तिथेच, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. त्यांनी फक्त कड चाचपायची होती. त्यांनी पट्टी चाचपली, तार चाचपली, पण मला हात लावला नाही. मला तर त्यांनी कधीच पास केलं होतं.

त्या दिवसापासून सरांचा स्वतःच्या पायांवरचा भरवसा उडाला. खुबा बरा झाल्यावरही त्यांनी स्कूटर विकून टाकली. रस्ता ओलांडताना ते हेमाताईंचा दंड धरू लागले. विमान एका इंजिनिअरिंग कॉलेजला देऊन टाकलं. कॉलेजने ते दुरुस्त करून दारातल्या मोठ्या हॉलमध्ये छताला टांगलं. ब्रेक तिथेच आहेत, हवेत लोंबणाऱ्या चाकांत. टांगलेल्या विमानात बसणार कोण? म्हणून आम्हा बहिणींना तेवढं परत पाठवलं. मैनुद्दीनभाईंनी आम्हाला दुकानात आणलं आणि सरांना बसायला सोपं जावं म्हणून त्यांच्या गुडघ्याच्या मापाची दोन सारखी खोकी करून त्यांवर बसवलं. सर दर गुरुवारी हेमाताईंबरोबर बसने येतात, चहा घेतात. अपघाताचं कुणी बोलत नाही. ब्रेक हा सरांचा विषय, त्यात आपण काय बोलावं, असं मैनुद्दीनभाईंना वाटायचं.

असे आठ महिने गेले. मागच्या पावसाळ्यानंतरचा एक गुरुवार होता. हेमाताई समोर भाजी घ्यायला गेल्या होत्या, सर माझ्यावर बसले होते. मैनुद्दीनभाईंच्या हातून खूण करायचा खडू निसटला आणि गडगडत सरांच्या पायांपाशी गेला. ते उचलायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. विमानाचे ब्रेक टाचेने दाबायचे, हे त्यांना माळावरच कळलं होतं.

"सर, टाच टेकवा."

"टेकलीय की."

"नाही टेकली."

सरांनी खाली पाहिलं. चपलेची टाच फरशीवर होती आणि त्यांची टाच तिच्यावर बोटभर.

"आता इकडे बसा," मैनुद्दीनभाईंनी माझ्या बहिणीकडे हात केला. सर काठी टेकत उठले आणि तिच्यावर बसले. टाच सरळ जाऊन चपलेवर टेकली. दोघांनी ती पाहिली. मैनुद्दीनभाईंचा चेहरा उतरला होता.

"पुढच्या कडेला जास्तीचा फोम घातला होता मी," ते म्हणाले. "तुमच्या मांडीला मुंग्या येतात म्हणून. कागदावर नव्हतं ते. सर, तुमचं हाड माझ्यामुळे मोडलं."

सरांनी टाच उचलली आणि पुन्हा चपलेवर दाबली. मला वाटलं, आता हे चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी दाबला होता," ते म्हणाले.

"दाबलाच असणार, सर."

"सगळा जोर लावून दाबला होता." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसून झाल्यावरही तो लगेच घातला नाही. "आणि कड सपाट का, ते तुम्ही विचारलं होतंत. मीच सांगितलं नाही."

मैनुद्दीनभाईंनी ब्लेड घेतलं आणि माझी शिवण उसवायला पुढे आले. "काढून टाकतो ती वळकटी. आत्ताच काढतो."

"राहू द्या हो," सर म्हणाले. "इथे कुठे ब्रेक दाबायचाय?" आणि ते उठून पुन्हा माझ्यावर येऊन बसले.

मित्रांनो, मला जे तेव्हाच सांगायचं होतं ते आता सांगून उपयोग नाही, तरी सांगते. कुणासाठी जीव ओतून काही केलंत, तर ते त्याला सांगा, लपवून शिवू नका. आणि कुणी "का" असं विचारलं, तर कारण सांगायला कंटाळू नका. आम्हा मुक्या वस्तूंच्या पोटात तुम्ही जे ठेवता ते आम्हाला सगळं ठाऊक असतं, पण वेळेवर बोलता येत नाही.

सर अजून दर गुरुवारी येतात. बहीण शेजारी रिकामी असली तरी माझ्यावरच बसतात. टाच बोटभर वर लोंबत असते. मांडीला मात्र आता मुंग्या येत नाहीत.