तीनशे रुपये मेंटेनन्स

यवतमाळच्या लोहारा भागातल्या मधुबन अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर खेमसिंग राठोडांचे दोन फ्लॅट होते, समोरासमोर. एकात ते स्वतः आणि सुखीबाई राहत. दुसरा लेकाचा, बादलचा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर जे हातात आले त्यात आपल्या बंजारा तांड्याकडचे तीन एकर विकून भर घातली आणि दोन्ही एकदमच घेतले. लोक म्हणाले, एक घ्या, बाकीचे बँकेत ठेवा. खेमसिंग म्हणाले, बँकेतल्या पैशाच्या दारात नातवंडे खेळत नाहीत.

त्याला सात वर्षे झाली. बादल पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. सून पायल तिथेच नोकरीला, नात उर्वशी तिथल्याच शाळेत. दिवाळीला चार दिवस आले तर आले.

तरी खेमसिंगांचा नेम चुकला नाही. रोज सकाळी ते समोरचे कुलूप काढत, खिडक्या उघडत, नळ सोडून पाइपातले तांबूस पाणी जाऊ देत आणि फरशीवर ओला कपडा फिरवत. चालती गाडी झिजते, पण उभी गाडी सडते, हे तीस वर्षे वर्कशॉपात पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. झाडपूस झाली की पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसत. काय करत, तर काही नाही. खालच्या रस्त्यावर ऑटो थांबला की मान तेवढी वळे.

संक्रांतीच्या आधी बादलचा फोन आला. पुण्यात घर बघितले होते, पैसे कमी पडत होते. यवतमाळचा फ्लॅट विकू म्हणाला. त्या भागात सत्तावीस लाखांचा भाव चालू आहे, गिऱ्हाईकही मिळाले आहे, फक्त दाखवा. खेमसिंग बरं म्हणाले. आणखी काही म्हणायचे होते, पण ते काय हे सुचेपर्यंत फोन बंद झाला होता. सुखीबाई सुपात तुरीची डाळ पाखडत होती. तिचा हात जरा थांबला आणि पुन्हा चालू लागला.

गिऱ्हाईक मारेगावकडचे होते. सदाशिवराव, चांगली चाळीस एकर कपाशी आणि तूर असलेले शेतकरी, आणि त्यांच्या पत्नी बेबीताई. मुलगी निकिता जूनपासून यवतमाळला कॉलेजात येणार, तिच्यासाठी घर पाहत होते. बेबीताईंनी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून दम घेतला आणि लिफ्ट कधीपासून बंद आहे ते विचारले. खेमसिंग म्हणाले, होईल चालू.

फ्लॅट मात्र त्यांना आवडला. आवडणारच. सदाशिवरावांनी भिंतीवरून हात फिरवला, बोट पाहिले, त्यावर धुळीचा कण नव्हता. मग खिडकीशी उभे राहून त्यांनी विचारले, "मेंटेनन्स किती घेता जी?"

या प्रश्नाची खेमसिंग वाटच पाहत होते. ते ताठ झाले. "तीनशे. महिन्याचे. पुऱ्या लोहाऱ्यात एवढ्यात कोनतीच बिल्डिंग चालत नाही."

ही त्यांची कमाई होती. सोसायटी झाली तेव्हापासून तेच अध्यक्ष. ते तांड्यात वाढले होते, आणि तांड्यात विहिरीचा गाळ काढायचा असला की तांड्याचा प्रमुख, नाईक, हाळी देई आणि घरटी एक माणूस निघे. ज्याच्या घरी माणूस नाही तो भाकरी पाठवी. सगळ्यांच्या कामाचे पैसे मागणारा माणूस चार लोकांत बसायच्या लायकीचा राहत नसे. तीच रीत खेमसिंगांनी सोळा फ्लॅटांच्या इमारतीत आणली. सुरुवातीची दोन वर्षे ती चाललीही. रविवारी बँकेतला कॅशियरसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीत उतरे, पाण्याची मोटर खेमसिंग स्वतः खोलत, सुखीबाई सगळ्यांना चहा पाठवी. मग एकाची बदली झाली, दुसऱ्याची पाठ धरली, चार घरांत भाडेकरू आले. भाडेकरू दुसऱ्याची टाकी कशाला धुईल? हळूहळू रविवारी खेमसिंग एकटेच खराटा घेऊन गच्चीवर दिसू लागले.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या बबिता मॅडम, शाळेत शिक्षिका, मीटिंगमध्ये उठून म्हणाल्या होत्या की महिना पंधराशे केल्याशिवाय इमारत टिकायची नाही. तेव्हा खेमसिंगांनी विचारले होते, आपल्याच घराला हात लावायची मजुरी द्यायची का? टाळ्या पडल्या होत्या. स्वस्तावर टाळ्या पडतातच. मागच्या जूनमध्ये लिफ्ट बंद पडली. ते काही एसटीचे इंजिन नव्हते की खेमसिंगांनी खाली झोपून दुरुस्त करावे. कारागिराने तीन लाखांचा आकडा सांगितला. सोसायटीच्या खात्यात एकोणीस हजार होते.

सदाशिवरावांनी टाळी वाजवली नाही. तीनशे ऐकून ते आणखी दोन मजले चढून गच्चीवर गेले. टाकीवरचे शेवाळ पाहिले, जिन्यातल्या ओलीवर नख मारले, पोपडा खाली पडला. लिफ्टच्या दाराला तारेने बांधलेली पाटी वाचली. मग येऊन खेमसिंगांच्या बैठकीत बसले, पाणी प्यायले.

"राग नका मानू, भाऊ," ते म्हणाले. "बैल घ्याले गेलो अन् मालक म्हने, याले ढेप लागत नाही, सरकी लागत नाही, नुसत्या कुटारावर राह्यते, तर मी खिशात हात घालत नाही. आधी त्याच्या फासळ्या मोजतो."

"घर तर पाह्यलं ना तुमी," खेमसिंग म्हणाले.

"घर तुमचं आरशावानी हाय. पन मी एकटं घर नाही घेऊन राह्यलो. जिना बी घेऊन राह्यलो, टाकी बी घेऊन राह्यलो. उद्या हे समदं माह्याच गळ्यात पडन. एकोनीसच्या वर नाही जमत."

आत बेबीताई आणि सुखीबाईचे बोलणे चालले होते. सुखीबाई विचारत होती, कोपऱ्यावर साड्यांचे नवे दुकान उघडले म्हणतात, आतून कसे आहे. गॅलरीतून तिला त्याच्या पाटीच्या पत्र्याची मागची बाजू तेवढी दिसायची. गुडघ्यांमुळे लिफ्ट बंद पडल्यापासून ती खाली उतरली नव्हती. बेबीताईंनी वळून खेमसिंगांकडे पाहिले. खेमसिंगांनी पाण्याचे पेले उचलून आत नेले.

बादलला फोनवर आकडा सांगितला तेव्हा त्याने लगेच वजाबाकी केली. मग म्हणाला, "एकोणीसला नाही द्यायचं, बा. आठ लाख कोण सोडतं? राहू द्या मग. पायलच्या ऑफिसातून कर्ज काढतो सध्या." जाता जाता एवढे बोलला की लिफ्ट करून घ्या, मेंटेनन्स नीट घ्यायला लागा, भाव आपोआप येईल.

राहू द्या मग. खेमसिंगांना वाईट वाटायला हवे होते. गिऱ्हाइकाने त्यांच्या सात वर्षांच्या कारभाराला मरतुकडा बैल म्हटले होते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरचे कुलूप उघडले तेव्हा पायांत वेगळेच बळ होते. खिडक्यांना नवे पडदे आणले. स्वयंपाकघरातला गळका नळ बदलला. उतारावर उभ्या गाडीच्या चाकाखाली दगड लावतात, तसे ते तीनशे रुपये होते. तो दगड काढला नाही तर गाडी जागची हलणार नाही, समोरचा फ्लॅट विकला जाणार नाही, आणि सोसायटीत अजून त्यांचाच शब्द चालत होता. विचार वाकडा आहे हे त्यांना कळत होते. म्हणूनच तो त्यांनी कोणाला सांगितला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मीटिंग ठेवायची म्हणून बबिता मॅडम कागद घेऊन वर आल्या. या वेळी त्यांनी भांडण केले नाही. चहा घेतला आणि सांगितले की चौथ्या मजल्यावरच्या दोघांनाही घरे विकायची आहेत, कोणी विचारत नाही. काका, तुम्ही नाही म्हणालात तर ठराव पडेल, हो म्हणालात तर होईल. खेमसिंग म्हणाले, पाहू.

मॅडम गेल्यावर सुखीबाई भिंतीला हात लावत बाहेर आली आणि खुर्चीत बसली.

"तुमाले वाटते मले समजत नाही," ती म्हणाली. "नवीन पडदे कायले आनले?"

"घर चांगलं दिसाले."

"कोनाले दिसाले? गिऱ्हाईक येऊ नये म्हनून तर मॅडमले पाहू म्हनून राह्यले तुमी."

खेमसिंगांनी चहाचे कप गोळा केले. मग म्हणाले, "तुले नाही वाटत, त्यानं इथं यावं?"

"वाटते ना. मी त्याची याडी होय, माय. रोज दोन भाकरी जास्त थापतो अन् रात्री मीच खातो." ती गुडघा दाबत होती. "पन मले तांड्यात बी जावंसं वाटते. तीजेच्या सणाले पोरी टोपल्या घेऊन नाचल्या, अन् मी इथं ग्यालरीत पत्रा पाहत उभी. त्यानं उर्वशीचं नाव तिकडच्या शाळेत टाकलं ना, मले तवाच समजलं. तुमाले समजाले उशीर लागत असन तर लागो. माह्ये गुडघे तेवढे दिवस थांबत नाही."

एवढे बोलून ती उठली आणि डाळीला फोडणी द्यायला गेली.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. मॅडमनी हिशोब वाचला. पंधराशेच्या वर नको म्हणाल्या. दोन हजार केले तर भाडेकरू पळतील आणि विकत घेणाराही बँकेच्या हप्त्यात ते मोजून किंमत पाडेल. लिफ्टसाठी प्रत्येक घराने एकदाच वीस हजार. तळमजल्यावरचा देवीलाल उभा राहिला, मी तर जमिनीवर राहतो, मला लिफ्ट कशाला म्हणाला. कॅशियर म्हणाला, भाऊ, टाकी फुटली तर पाणी खालीच येते. लोक हसले. मग सगळे खेमसिंगांकडे पाहू लागले.

ते उठले. बोलायचे ठरवून आले नव्हते, न बोलायचेही ठरले नव्हते.

"तांड्यात घरटी मानूस निघे," ते म्हणाले, "कारन दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर समद्याईले जा लागे. तिथून कोनी कुठं जानार नव्हतं. इथं अर्धे आज हायत, उद्या नाहीत. इथं ती रीत लावली हे माह्यं चुकलं. मॅडम म्हनतात ते करा." बसता बसता पुन्हा उठले. "माह्ये दोन घराईचे. आमचं अन् बादलचं."

त्या दिवशी पहिली सही त्यांचीच झाली. वर आल्यावर त्यांनी बादलला फोन लावून सांगितले. बादलला आनंद झाला. आता उन्हाळ्यापर्यंत विकला जाईल, म्हणाला. खेमसिंग हो म्हणाले.

एप्रिलमध्ये लिफ्ट सुरू झाली. पहिल्यांदा सुखीबाईने आतला दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून खाली गेली. गेली ती दोन तास आलीच नाही. दुकान पाहून आली आणि म्हणाली, रंग सगळे भडक आहेत, भाव त्याहून भडक. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तांड्यात जाऊन चार दिवस राहिली. टाकी धुवायला दोन माणसे महिन्याच्या महिन्याला येऊ लागली. जिन्याला रंग लागला. रविवारी खेमसिंगांना काही काम उरले नाही.

मे महिन्यात सदाशिवराव परत आले. या वेळी फ्लॅटमध्ये डोकावलेही नाहीत. सोसायटीची पावतीपुस्तके मागवली, कोणाकोणाचे थकले आहे ते पाहिले, लिफ्टने एकदा वर, एकदा खाली गेले. साडेसव्वीसला सौदा ठरला.

नोंदणीला बादल एकटाच आला, सकाळच्या ट्रॅव्हल्सने. दुपारी दीडपर्यंत सह्या, फोटो, अंगठे झाले. सुखीबाईने त्याच्यासाठी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि डाळ केली होती. तो पोटभर जेवला. साडेसहाची परतीची गाडी होती. आजवर आला की तो जेवून समोर निघून जायचा, तिथेच झोपायचा, तिथूनच बॅग घेऊन उतरायचा. आज समोरची किल्ली सदाशिवरावांच्या खिशात होती. त्याने इकडे तिकडे पाहिले, आईने अंथरलेली सतरंजी ओढली आणि बैठकीत पंख्याखाली आडवा झाला. पाच मिनिटांत त्याला झोप लागली, तोंड उघडे, एक हात डोक्याखाली, लहानपणी तांड्यात अंगणातल्या बाजेवर झोपायचा तसाच.

दारापलीकडे निकिताचे सामान येत होते. लिफ्टचे दार उघडत होते, मिटत होते. खेमसिंगांनी उठून आपले दार हलकेच लोटून घेतले आणि खुर्ची ओढण्याऐवजी उचलून लेकाच्या उशाशी ठेवली. एवढा वेळ त्याच्याकडे नुसते पाहत बसायला सात वर्षांत मिळाले नव्हते. कानाजवळ त्याचे केस पिकले होते. हे फोनवर कळत नाही.

"पाचले उठवा त्याले," सुखीबाई आतून हळूच म्हणाली. "गाडी चुकन."

खेमसिंग हो म्हणाले. घड्याळात पाच वाजले तेव्हा त्यांनी बादलच्या खांद्यापर्यंत हात नेला. तो तसाच थोडा वेळ अधांतरी राहिला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पंख्याचा वेग एका आकड्याने वाढवला.